मजकुराची झाडलोट आणि सात रेघा



गेल्या खेपेला आपण मराठी टायपिंगबद्दल बोललो होतो. तेव्हा तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी एकच तक्रार कळवली: "टाइप करणं जमतं हो, पण चार ठिकाणांहून मजकूर गोळा करून एका फाइलीत टाकला की तिची पार गोधडी होते. एक ओळ मोठी, एक बारीक, एक निळी, एक वाकडी. हे सरळ कसं करायचं?"

आज तेच. माउसला हात न लावता, नुसत्या कळा दाबून पसरलेला मजकूर कसा आवरायचा ते बघू. आणि आवरताना काय जपायचं, तेही. हे दुसरं मला या भाद्रपदात आमच्या भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये कळलं, तेही चांगलाच घाम फुटल्यावर.

सिविक सेंटरमधलं दुकान

भिलाई ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सिविक सेंटर म्हणजे आमच्या टाउनशिपचा चौक, बाजार आणि भेटायचं ठिकाण. कृष्णार्जुनाचा रथ तिथेच, नेहरू आर्ट गॅलरी तिथेच आणि झेरॉक्स-टायपिंगची दुकानंही तिथेच.

आमच्या गणेशोत्सवाची एक छोटी स्मरणिका निघते. यंदा संपादनाची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. लेख आले, पण कसे? एका काकूंचा मोदकांचा लेख व्हॉट्सॲपवरून, प्रत्येक ओळीत चांदण्या घेऊन. एका दादांचा ईमेलमधून, प्रत्येक ओळ मध्येच तुटलेली. एका कॉलेजच्या मुलीचा इंटरनेटवरून माहिती उचललेला, निळ्या रेघांनी भरलेला. आणि आमच्या शेजारच्या आजोबांच्या आठवणी एका जुन्या सीडीतून. वीस वर्षांपूर्वी त्यांनी त्या एका टायपिंगवाल्याकडून टाइप करून घेतल्या होत्या.

आजोबा १९६१ साली नागपूरहून इथे आले. भिलाईच्या कारखान्याचा भारत आणि सोव्हिएत संघातला करार १९५५चा. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. १९५६पर्यंत हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे विदर्भातल्या पोरांना भिलाई काही परमुलूख वाटला नाही. गाडीत बसायचं आणि दुर्गला उतरायचं. आजोबांनी हे सगळं अकरा पानांत लिहिलं होतं: कोणाबरोबर आले, कुठे राहिले, भट्टीपाशी पहिल्या दिवशी काय वाटलं.

सगळं एका फाइलीत टाकलं. सेहेचाळीस पानं झाली. दुकानातला मुलगा माउस घेऊन एकेक परिच्छेद निवडायचा, फॉन्ट बदलायचा, आकार बदलायचा, पुढच्यावर जायचा. अर्ध्या तासात चार पानं झाली. मी म्हटलं, "भैया, जरा सरको, मैं करती हूँ."

बसले. सगळं निवडलं, दोन जोड्या दाबल्या. एका दमात पस्तीस पानं लख्ख! आणि आजोबांची अकरा पानं? तिथे मराठीचं एक अक्षर उरलं नव्हतं. नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी.

"आंटी, ये क्या हो गया?" तो मुलगा म्हणाला.

काय झालं होतं ते सांगतेच. पण आधी त्या दोन जोड्या समजून घेऊ.

घाण तीन प्रकारची, झाडूही तीन

घर आवरताना आपण जाळी काढायला एक झाडू घेतो, फरशीला दुसरा, अंगणाला खराटा. मजकुराचंही तसंच आहे. पसारा तीन प्रकारचा असतो आणि एका झाडूने दुसऱ्याचं काम होत नाही. "मी सगळं साफ केलं तरी मोकळ्या ओळी तशाच" ही तक्रार इथूनच येते.

पहिला प्रकार अक्षराच्या कपड्यांचा. फॉन्ट, आकार, रंग, ठळक, तिरपं, अधोरेखित.

दुसरा प्रकार परिच्छेदाच्या बैठकीचा. डावीकडे की मधोमध, ओळींत किती अंतर, समास किती आत, परिच्छेदाच्या वर-खाली किती जागा.

तिसरा प्रकार हा दिसतो फॉरमॅटिंगसारखा, पण असतो खरा टाइप केलेला कचरा. दोन-दोन स्पेस, रिकामे एंटर, टॅब, तुटलेल्या ओळी. हे कपडे नाहीत. ही अक्षरंच आहेत, फक्त न दिसणारी. म्हणून कपडे उतरवणारी आज्ञा त्यांना हातही लावत नाही.

आता झाडू. मायक्रोसॉफ्ट वर्ड धरून सांगते, कारण बहुतेक दुकानांत आणि घरांत तोच असतो.

आधी कंट्रोल + ए. सगळा मजकूर निवडला गेला.

मग कंट्रोल + स्पेस. अक्षरांचे वरून चढवलेले कपडे उतरले.

मग कंट्रोल + क्यू. परिच्छेद आपल्या मूळ बैठकीवर आले.

बस. सेहेचाळीस पानं असोत की चारशे, एवढंच.

एक गोष्ट इथे नीट लक्षात घ्या. या आज्ञा मजकूर "कोरा" करत नाहीत, त्याला त्याच्या शैलीकडे परत पाठवतात. वर्डमध्ये प्रत्येक परिच्छेदाला एक शैली असते: साधा मजकूर, शीर्षक, उपशीर्षक. शीर्षक जर शैली वापरून केलं असेल, तर या दोन जोड्यांनंतरही ते शीर्षकच राहतं. पण तुम्ही नुसता आकार वाढवून आणि ठळक करून शीर्षक "दिसवलं" असेल, तर ते साध्या ओळींत मिसळून जाईल. तसंच आपोआप आलेले यादीचे आकडेही कंट्रोल + क्यूने बहुतेक वेळा जातात. पाककृतीत कृतीचे क्रमांक असतील तर सांभाळा.

शैलीसकट सगळंच साधं करायचं असेल तर कंट्रोल + शिफ्ट + एन. हा खराटा आहे. अंगणातच वापरा, देवघरात नको.

न दिसणारं दिसू द्या

तिसऱ्या प्रकारच्या कचऱ्यासाठी आधी दिवा लावायला हवा. कंट्रोल + शिफ्ट + ८ दाबा. पडद्यावर एकदम मुंग्या आल्यासारखं वाटेल, घाबरू नका. ओळीत अर्ध्या उंचीवरचा ठिपका म्हणजे एक स्पेस. आडवा बाण म्हणजे टॅब. उलट्या पी-सारखी खूण म्हणजे एंटर, अर्थात परिच्छेदाचा शेवट. वळलेला बाण म्हणजे शिफ्ट-एंटरने तोडलेली ओळ. आणि स्पेसच्या जागी बारीक पोकळ वर्तुळ दिसलं, तर ती वेबपानावरून आलेली "न तुटणारी" स्पेस. दिसायला साध्या स्पेससारखी, पण जात वेगळी. या खुणा कागदावर छापल्या जात नाहीत. पुन्हा तीच जोडी दाबली की दिवा बंद.

आता कंट्रोल + एच. शोधा आणि बदला. वरच्या रकान्यात काय शोधायचं, खालच्यात काय घालायचं. न दिसणाऱ्या गोष्टींना इथे सांकेतिक नावं आहेत. सहाच्या आकड्यावर जे टोपीसारखं चिन्ह (^) असतं ते, आणि पुढे एक लहान इंग्रजी अक्षर:

टोपी-पी म्हणजे एंटर.
टोपी-एल म्हणजे तोडलेली ओळ.
टोपी-टी म्हणजे टॅब.
टोपी-एस म्हणजे ती न तुटणारी स्पेस.

हे लिहिताना कीबोर्ड इंग्रजीवर हवा. मराठी इनस्क्रिप्ट चालू असेल तर शिफ्ट आणि सहा दाबल्यावर टोपीऐवजी "त्र" उमटेल. विंडोज + स्पेस दाबून भाषा बदला.

आता क्रम सांगते. क्रम महत्त्वाचा आहे, कारण एका कचऱ्याखाली दुसरा लपलेला असतो.

१. टोपी-एस शोधा, साधी स्पेस घाला. सगळ्या स्पेस एका जातीच्या झाल्या.

२. टोपी-टी शोधा, एक स्पेस घाला. तक्ता टॅबने मांडलेला असेल तर ही पायरी सोडा.

३. टोपी-एल शोधा, टोपी-पी घाला.

४. दोन स्पेस शोधा, एक घाला. "सगळे बदला" पुन्हा पुन्हा दाबा, बदल शून्य होईपर्यंत. पाच स्पेस असतील तर त्या पहिल्या फेरीत तीन होतात, मग दोन, मग एक.

५. स्पेस आणि टोपी-पी शोधा, नुसता टोपी-पी घाला. ओळीच्या शेवटी लोंबणाऱ्या स्पेस गेल्या.

६. टोपी-पी-टोपी-पी शोधा, एक टोपी-पी घाला. रिकाम्या ओळी गेल्या. इथेही दोन-चार फेऱ्या लागतात. कधी शेवटी "एक बदल झाला" असं वर्ड सांगतच राहतं. तो फाइलीच्या अगदी टोकाचा एंटर असतो, त्याच्याशी भांडू नका.

७. स्पेस आणि पूर्णविराम शोधा, नुसता पूर्णविराम घाला. स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्हासाठीही तसंच.

आता आमच्या ईमेलवाल्या दादांचा लेख. त्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर होता, म्हणजे वाक्य मध्येच तुटत होतं. परिच्छेदांच्या मध्ये मात्र दोन एंटर होते. अशा वेळी वरची सहावी पायरी आधी केलीत तर संपलं. खरा परिच्छेद कुठे संपतो हे मग कोणालाच कळणार नाही. तिथे अशी युक्ती करा. आधी दोन टोपी-पी शोधून त्यांच्या जागी मजकुरात कुठेही नसलेली खूण घाला, समजा @@. मग उरलेले सगळे एकेकटे टोपी-पी काढून तिथे स्पेस घाला. शेवटी @@ शोधून पुन्हा टोपी-पी घाला. वाक्यं जुळली, परिच्छेद राहिले.

पण कविता असेल तर हे करू नका, हात जोडून सांगते. कवितेत ओळ कुठे तुटते हा कवितेचाच भाग असतो. आमच्या स्मरणिकेत दोन कविता होत्या. त्या मी वेगळ्या फाइलीत ठेवल्या होत्या, म्हणून वाचल्या.

निळ्या दुव्यांसाठी सगळं निवडून कंट्रोल + शिफ्ट + एफ ९. दुवे निघून नुसते शब्द उरतात. आपोआप तयार झालेली अनुक्रमणिका असेल तर तीही साध्या मजकुराची होऊन बसते, पुढे आपोआप बदलत नाही. तेव्हा हे अनुक्रमणिका करण्याआधी उरका.

आणि व्हॉट्सॲपच्या चांदण्या? तिथे ठळक करायला शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी घालतात. ती चांदणी वर्डमध्ये जशीच्या तशी येते. शोधा चांदणी, घाला काहीच नाही, सगळे बदला. मोदकांच्या लेखातून चौऱ्याहत्तर चांदण्या निघाल्या! फक्त त्या चौकटीत "वाइल्डकार्ड" ही खूण चालू नाही ना, ते आधी पाहा. ती चालू असली तर चांदणीचा अर्थ "काहीही" असा होतो, आणि मग काय काय पुसलं जाईल याचा नेम नाही.

मराठीच्या खास खोड्या

इंग्रजीच्या पुस्तकांत हे सापडणार नाही, म्हणून इथे थोडं थांबते.

"दुसऱ्या", "वाऱ्यावर" हे शब्द घ्या. यातला अर्धा र संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो. एकात खाली नुक्ता असलेला ऱ हे अक्षर असतं. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारा सांधा. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला मात्र वेगळे. म्हणून एक रूप शोधलंत तर दुसरं सापडेलच असं नाही. मजकूर चार जणांकडून आला असेल तर अशी दोन्ही रूपं हमखास असतात. मजकुरातूनच एक रूप उचला, शोधाच्या रकान्यात चिकटवा आणि दुसऱ्याने बदला.

तीच गत "ॲ"ची. "ॲप", "बॅट", "कॅमेरा" आपण रोज लिहितो. सुटा ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचे आणि नंतरचेही कित्येक लोक अ आणि चंद्र जोडून तो लिहितात, तर काही हिंदी कीबोर्डवरचा ऍ वापरतात. आमच्या स्मरणिकेत "व्हॉट्सॲप" तीन प्रकारे लिहिलेलं निघालं.

विसर्गाच्या जागी अपूर्णविराम ही आणखी एक सवय. "दु:ख" आणि "दुःख" नीट पाहा. पहिल्यात दोन सुटे ठिपके आहेत, दुसऱ्यात खरा विसर्ग.  आणि आमच्यासारख्या हिंदी मुलखात राहणाऱ्यांच्या मजकुरात पूर्णविरामाऐवजी उभा दंड येतो. तोही एकदाच शोधून बदलून टाका.

अजून एक. सगळे कपडे उतरवल्यावर मराठी मजकूर कधी कधी भलत्याच फॉन्टमध्ये दिसतो. कारण वर्ड इंग्रजीचा फॉन्ट वेगळा लक्षात ठेवतं आणि देवनागरीसारख्या लिपींचा वेगळा. कंट्रोल + डी दाबा. उघडणाऱ्या चौकटीत दोन्ही वेगवेगळे दिसतात. देवनागरीसाठी तुम्हाला हवा तो फॉन्ट तिथे निवडा.

आजोबांच्या पानांचं काय झालं?

आता त्या खिचडीकडे येऊ.

युनिकोड घरोघरी पोचण्याआधी मराठी-हिंदी टाइप करायची ती खास फॉन्ट वापरून. हिंदी मुलखात त्यांतला सगळ्यांत चाललेला म्हणजे कृतीदेव. त्यात संगणक खरोखर मराठी लिहीतच नाही, तो इंग्रजी अक्षरंच साठवतो. फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. "भारत" हा शब्द त्यात एच, के, के, जे, आर या इंग्रजी अक्षरांनी साठवलेला असतो. मुखवटा काढा, की खाली ती पाच अक्षरं.

मी कंट्रोल + स्पेसने कपडे उतरवले, तेव्हा फॉन्टही उतरला. बाकीच्यांच्या लेखांत फॉन्ट हा नुसता कपडा होता. आजोबांच्या लेखात तो कपडा नव्हता, ती कातडी होती.

कंट्रोल + झेड. एकदा, दोनदा. मराठी परत आलं. जीव भांड्यात पडला. पण याच घडीला मी फाइल सेव्ह करून बंद केली असती तर? बंद केलेली फाइल पुन्हा उघडल्यावर कंट्रोल + झेडला मागचं काही आठवत नसतं.

म्हणून हा नियम लिहून ठेवा, हवं तर संगणकावर चिकटवा: साफसफाईच्या आधी एफ १२. नवं नाव द्या, नव्या फाइलीवर काम करा. मूळ फाइलीला हात लावायचा नाही.

कृतीदेव किंवा तसल्या जुन्या फॉन्टचा मजकूर ओळखायचा कसा? त्या मजकुरात कर्सर ठेवा आणि वर फॉन्टचं नाव वाचा. शंका आली तर त्यातला एक शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी दिसलं तर युनिकोड, इंग्रजी खिचडी दिसली तर जुना फॉन्ट. असा मजकूर आधी रूपांतर करून युनिकोडमध्ये आणायचा, मग साफ करायचा. रूपांतर करणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. पण त्यानंतर वाचून काढणं चुकत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळे वेलांट्या आणि रफार इकडेतिकडे होतात.

आम्ही रूपांतर केलं, साफ केलं, दोनदा वाचलं. अकरा पानं देखणी झाली. मी छापील प्रत घेऊन आजोबांकडे गेले.

सात रेघा

आजोबांनी चष्मा लावला. पहिलं पान वाचलं, मान डोलावली. दुसरं वाचलं. मग मागे वळले, पुन्हा पहिलं पाहिलं.

"पोरी, रेघा कुठे गेल्या?"

"कसल्या रेघा, आजोबा?"

"नावांखालच्या."

मला आधी काही कळेना. मग आठवलं. मूळ मजकुरात काही नावांखाली रेघ होती. नागपूरहून त्यांच्याबरोबर एकाच डब्यातून आलेली बारा जणांची यादी होती ती, आणि त्यातल्या काही नावांखाली रेघ. मला वाटलं टायपिंगवाल्याचा गबाळेपणा असेल. खरं सांगायचं तर मी काही वाटून घ्यायलाही थांबले नव्हते. रूपांतराच्या साधनातून नुसता मजकूर बाहेर येतो, रेघा तिथेच गळल्या होत्या.

आजोबा म्हणाले, "मी हे लिहून घेतलं तेव्हा जे गेलेले होते त्यांच्या नावाखाली रेघ मारायला सांगितली होती. सात होते तेव्हा."

मी गप्प बसले. त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "आता मारायच्या म्हटलं तर जास्त होतील. पण तू सातच मार. मी लिहिलं तेव्हा सातच होते."

संध्याकाळी सिविक सेंटरला परत गेले. मूळ फाइल शाबूत होती, त्या एफ १२च्या कृपेने. शेजारी शेजारी दोन्ही उघडल्या. एकेक नाव शोधलं, निवडलं, कंट्रोल + यू. असं सात वेळा. दुकानातला मुलगा विचारत होता, "आंटी, एक साथ नहीं होता क्या?" म्हटलं, "होता है बेटा. ये एक-एक करके ही करना है."

मंडळी, कळ दाबणाऱ्याला कपडा आणि कातडी यांतला फरक कळत नाही. तो आपल्यालाच पाहावा लागतो. काढलेल्या फॉरमॅटिंगमध्ये नव्वद टक्के वेळा नुसती धूळ असते, पण उरलेल्या दहांत कोणाचं तरी बोलणं असतं. तिरप्या अक्षरातलं पुस्तकाचं नाव, औषधाच्या चिठ्ठीतला ठळक केलेला डोस, लाल केलेली शेवटची तारीख.

तेव्हा साफ करण्याआधी एक फेरी नुसती वाचायची मारा. जिथे ठळक, तिरपं, अधोरेखित मुद्दाम केलेलं दिसेल, त्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना ## अशी खूण टाइप करा. ही खूण अक्षरांची आहे, कपड्यांची नाही, म्हणून ती सफाईत टिकते. शेवटी ## शोधत जा, शब्दाला त्याची रेघ परत द्या आणि खूण पुसा. मात्र कृतीदेवच्या मजकुरात ही खूण चालत नाही. त्या फॉन्टमध्ये विरामचिन्हांच्या जागांवरही अक्षरं बसलेली असतात, आणि # चा तिथे "रु" होतो. तिथे जुन्या फाइलीची छापील प्रत काढून शेजारी ठेवायची आणि पेन्सिलीने खुणा करायच्या. आणि लिहिणारा हाताशी असेल तर त्याला विचारा. फोन उचलायला कुठली कळ लागते?

घाण येऊच नये म्हणून

सगळ्यांत चांगली झाडलोट म्हणजे चपला बाहेर काढणं. मजकूर चिकटवतानाच कपडे बाहेर ठेवा. वर्डच्या नव्या आवृत्त्यांत कंट्रोल + शिफ्ट + व्ही दाबलं की नुसते शब्द येतात. तुमच्याकडे ते चालत नसेल तर नेहमीसारखं कंट्रोल + व्ही करा, मग लगेच नुसतं कंट्रोल दाबून सोडा आणि टी दाबा. तेही नाही जमलं तर आधी नोटपॅडमध्ये चिकटवा, तिथून पुन्हा कॉपी करा. जुन्या नोटपॅडला कपडे समजतच नाहीत.

कापा, कॉपी करा, चिकटवा ही संगणकावरची सोय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणीतरी शोधली असेल असं वाटतही नाही. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत ती घडवली. टेस्लर २०२० साली गेले.

गूगल डॉक्स वापरणाऱ्यांसाठी: नुसते शब्द चिकटवायला तिथेही कंट्रोल + शिफ्ट + व्ही, आणि फॉरमॅटिंग काढायला मजकूर निवडून कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ (\). लिब्रेऑफिसमध्ये फॉरमॅटिंग काढायला कंट्रोल + एम, आणि न दिसणाऱ्या खुणा बघायला कंट्रोल + एफ १०.

आणि ज्यांचं सगळं मोबाइलवरच चालतं त्यांच्यासाठी: अँड्रॉइडवर बोट दाबून धरल्यावर "पेस्ट"च्या शेजारी किंवा खाली "साधा मजकूर म्हणून पेस्ट करा" असा पर्याय बऱ्याच ठिकाणी मिळतो. तो निवडण्याची सवय लावा. पुढे कोणीतरी संपादिका तुम्हाला दुवा देईल.

या वेळचा गृहपाठ

घरातली एक जुनी फाइल काढा. आईची पाककृतींची असेल, बाबांचा अर्ज असेल, आजीने सांगून लिहून घेतलेल्या आठवणी असतील. त्यावर हा क्रम चालवून बघा:

एफ १२ दाबून प्रत करा.
एकदा नुसती वाचा. मुद्दाम केलेल्या खुणांना ## लावा.
फॉन्टचं नाव तपासा. जुना फॉन्ट असेल तर आधी रूपांतर.
कंट्रोल + ए, कंट्रोल + स्पेस, कंट्रोल + क्यू.
कंट्रोल + शिफ्ट + ८ दाबून कचरा पाहा, कंट्रोल + एचने काढा.
शीर्षकांवर कर्सर ठेवून कंट्रोल + ऑल्ट + १, उपशीर्षकांवर कंट्रोल + ऑल्ट + २.
## शोधून खुणा परत द्या.
छापण्याआधी ज्याने लिहिलं त्याला दाखवा.

लहान मुलं घरात असतील तर त्यांना कळा दाबू द्या आणि मोठ्यांनी वाचून सांगावं. दोघांनाही करमतं, आणि जुन्या फाइलीत काय काय निघेल सांगता येत नाही.

आमची स्मरणिका अनंत चतुर्दशीच्या चार दिवस आधी छापून आली. आजोबांनी ती उघडली, यादीचं पान काढलं, बोटाने रेघा मोजल्या आणि पुस्तिका उशाशी ठेवली. म्हणाले, "बरोबर आहेत."

पुढच्या वेळी शैली आणि अनुक्रमणिका याबद्दल बोलू. मजकूर आवरताना तुमची काय फजिती झाली ते जरूर कळवा. माझी मी सांगितलीच आहे!